प्रवासात मूल आजारी पडते तेव्हा



परीक्षा संपत आल्या की आपल्या घरांतून प्रवासाचे बेत सुरू होतात. कोणी पालीतान्यास जातो, कोणी सम्मेदशिखरजीस, कोणी राजस्थानात. अलीकडे दुबई, सिंगापूर, थायलंड ही नावेही सहज कानी पडतात. तिकिटे दोन महिने आधी निघतात, धर्मशाळेतील खोल्या ठरतात, सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाची सोय कुठे होईल याची चौकशी होते आणि डब्यांतून खाकरे, पुऱ्या भरल्या जातात. एका प्रश्नाचे उत्तर मात्र आपण बरोबर नेत नाही. परगावी मूल आजारी पडले तर रुग्णालयात पैसे कोण भरणार, आणि कोणत्या खात्यातून?

हा प्रश्न मला गेल्या दिवाळीत पडला. त्याची हकिकत सांगताना संकोच वाटतो, कारण छत्तीस वर्षे बँकेत नोकरी करून निवृत्त झालेल्या माणसास ती भूषणावह नाही. तथापि सुटी तोंडावर आली आहे, आणि माझा संकोच कोणाच्या उपयोगी पडत असेल तर तो बाजूस ठेवणेच योग्य.

पाडव्याच्या रात्री माझी कन्या, जावईबापू, त्यांची दोन मुले आणि कन्येची नणंद असे सर्वजण उदयपूरला निघाले. भाऊबीज तिथेच झाली. दुसऱ्या दिवशी राणकपूरचे दर्शन झाले. ज्ञानपंचमीच्या सायंकाळी मुहूर्तावर दुकान उघडायचे असल्याने जावईबापू चतुर्थीला सायंकाळच्या गाडीने परत निघाले. दोघी स्त्रिया आणि मुले आणखी दोन दिवस राहणार होती. धर्मशाळा आपल्याच समाजाची, मुनीमजी वयस्क आणि सज्जन, त्यामुळे काळजीचे कारण नव्हते.

माझ्या सहा वर्षांच्या नातवाला त्या दिवशी सकाळपासून उलट्या होत होत्या. दुपारनंतर जुलाब सुरू झाले. प्रवासातील खाण्याने असे होतेच, म्हणून घरचे उपाय झाले. रात्री नऊच्या सुमारास त्याचे डोळे खोल गेले, तो हाकेला नीट ओ देईना, आणि दुपारपासून त्याला लघवी झालेली नाही हे कन्येच्या ध्यानी आले. मुनीमजींनी गाडी बोलावली व जवळच्या खासगी रुग्णालयात पाठविले. तेथील डॉक्टरांनी सलाईन लावण्यास क्षणाचाही विलंब केला नाही, हे मी कृतज्ञतेने नमूद करतो. शरीरातील पाणी फार कमी झाले आहे, मुलाला दाखल करावे लागेल, असे त्यांनी सांगितले. दाखल करण्यासाठी काउंटरवर चाळीस हजार रुपये अनामत भरावयाचे होते.

दोघींच्या पर्समध्ये मिळून अकरा हजार रुपये निघाले. कन्येच्या दूरध्वनीवरील यूपीआय तिच्या माहेरच्या जुन्या खात्याशी जोडलेले होते आणि त्यात चार हजार होते. वस्तुतः तिच्या नावाचे दुसरे एक खाते आहे. पतीसह संयुक्त, पहिले नाव तिचेच, आणि त्या रात्री त्यात साडेतीन लाख रुपये शिल्लक होते. परंतु त्या खात्याचे कार्ड जावईबापूंच्या पाकिटात, म्हणजे धावत्या गाडीत होते. खात्यास जोडलेला भ्रमणध्वनी क्रमांकही त्यांचाच, त्यामुळे ते खाते तिच्या दूरध्वनीवर यूपीआयला जोडता येईना. ओटीपी विचारावा तर जावईबापूंच्या दूरध्वनीची बॅटरी संपलेली. मग तिने मला दूरध्वनी केला. मी नेहमीप्रमाणे साडेनऊला दूरध्वनी मूक करून निजलो होतो.

तिने हातातील दोन पाटल्या काढून काउंटरवर ठेवल्या. इथे सोने घेत नाहीत, असे त्या तरुण कर्मचाऱ्याने अतिशय अवघडून सांगितले.

अखेर तिने धर्मशाळेत कळविले. मुनीमजी स्वतः रिक्षाने आले आणि त्यांनी पंचवीस हजार रुपये तिच्या हाती ठेवले. चिठ्ठी नाही, सही नाही. रक्कम भरली गेली आणि मुलाला वरच्या मजल्यावर नेण्यात आले. पहाटे पाचला सामायिकासाठी उठलो तेव्हा मला दूरध्वनीवर तिच्या अकरा हाका दिसल्या. तोवर नातवाने डोळे उघडून पाणी मागितले होते. तीन दिवसांनी तो हिंडूफिरू लागला आणि सर्वजण सुखरूप परतले.

परतल्यावर कन्या मला फार काही बोलली नाही. इतकेच म्हणाली, “बाबा, माझ्या नावावर पैसे होते, पण ते माझे नव्हते.” ते वाक्य माझ्या मनातून गेले नाही, कारण ते खाते मीच उघडले होते. नऊ वर्षांपूर्वी, तिच्या लग्नानंतर, माझ्याच शाखेत. अर्जातील भ्रमणध्वनी क्रमांकाच्या चौकटीत जावईबापूंचा क्रमांक माझ्याच हस्ताक्षरात आहे. त्या काळी आम्ही सर्व जण असेच करीत होतो. व्यवहार पुरुषांनी पाहायचे, संदेश त्यांना गेलेला बरा, एवढाच विचार त्यामागे होता.

आपल्या व्यापारी घरांत पैशाची चणचण क्वचितच असते. मात्र पैसा पेढीच्या चालू खात्यात असतो, मालात असतो, उधारीत असतो, आणि त्याची किल्ली एका माणसाकडे असते. दुकानापुरती ही व्यवस्था उत्तम चालते. परंतु मूल आजारी पडते तेव्हा तो एक माणूस बहुधा दुकानावर, बाजारपेठेत किंवा गाडीत असतो, आणि मुलाच्या उशाशी आई, आजी किंवा आत्या असते. म्हणून माझे सांगणे एकच आहे. प्रवासात मुलाजवळ जो असेल, त्याच्या स्वतःच्या हातून पैसे भरले गेले पाहिजेत. पुढील सर्व सूचना याच एका गोष्टीसाठी आहेत.

पहिली गोष्ट खात्याची. मुलांबरोबर जाणाऱ्या व्यक्तीच्या नावाचे बचत खाते असावे, त्यास तिचाच क्रमांक जोडलेला असावा, कार्ड तिच्याजवळ असावे आणि पिन तिने स्वतः ठरविलेला असावा. खाते संयुक्त असल्यास दोघांपैकी कोणीही व्यवहार करू शकेल, अशी सूचना बँकेत नोंदलेली असावी. यूपीआय ज्या सिमवर बँकेत नोंदलेला क्रमांक आहे त्याच दूरध्वनीवर सुरू होते, म्हणून क्रमांक बदलण्याचे काम निघण्यापूर्वी शाखेत जाऊन करावे. प्रवासाच्या तोंडावर नवा दूरध्वनी घेऊ नये. नव्या उपकरणावर यूपीआय सुरू केल्यास पहिल्या चोवीस तासांत पाच हजारांहून अधिक रक्कम जात नाही, आणि काही दूरध्वनींवर हे बंधन अधिक काळ राहते. निघण्याच्या आठवड्यात त्या खात्यातून एखादा छोटा व्यवहार करून पाहावा. व्यवस्था कागदावर असणे आणि हातात असणे यांतील अंतर तेव्हाच कळते.

दुसरी गोष्ट रकमेची. खासगी रुग्णालयाची अनामत आणि पहिल्या दोन दिवसांचा खर्च भागेल इतकी रक्कम त्या खात्यात आधीच वर्ग करून ठेवावी. व्याज बुडते, असे आपले मन म्हणेल. बहुतेक बँकांत ठरावीक रकमेच्या वरची शिल्लक आपोआप मुदत ठेवीत जाते आणि गरज पडताच खात्यात परत येते, अशी योजना असते; तिचा लाभ घ्यावा. यूपीआयची सर्वसाधारण मर्यादा दिवसाला एक लाख रुपये आहे. रुग्णालयांसाठी ती पाच लाखांपर्यंत वाढविण्याचा निर्णय रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केला. तथापि रुग्णालय त्या व्यवस्थेत नोंदलेले असावे लागते, आणि आपली बँक स्वतःची कमी मर्यादा ठेवू शकते. ती आधी विचारून घ्यावी. घरून पैसे पाठवावयाचे झाल्यास रात्र किंवा सण आडवा येत नाही. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून अहोरात्र सुरू आहे. मात्र नव्याने नोंदलेल्या खात्यावर सुरुवातीचे काही तास मोठी रक्कम पाठवू न देण्याचा नियम अनेक बँका पाळतात, म्हणून त्या व्यक्तीचे खाते आपल्या यादीत आधीच नोंदून ठेवावे.

तिसरी गोष्ट रोख रकमेची. आपल्यापैकी अनेकांना अडीअडचणीस रोख पैसाच खरा वाटतो. प्रवासात थोडी रोकड अवश्य असावी. परंतु १ एप्रिल २०१७ पासून आयकर कायद्यानुसार कोणालाही एका व्यक्तीकडून एका दिवसात, एका व्यवहारापोटी किंवा एकाच प्रसंगापोटी दोन लाख रुपये वा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारता येत नाही. मोठे बिल दोन-तीन दिवसांत तुकडे पाडून रोखीने भरू, असे कोणी म्हणेल तर तेही चालत नाही, कारण प्रसंग एकच असतो. दंड स्वीकारणाऱ्यास आणि तोही तेवढ्याच रकमेचा असल्याने रुग्णालये याबाबत काटेकोर असतात. दुकानातील गड्डी घेऊन माणूस विमानाने निघाला, तरी ती तेथे उपयोगी पडेलच असे नाही.

चौथी गोष्ट आरोग्य विम्याची. आमच्या प्रसंगी पॉलिसी होती, नातवाचे नावही तीत होते. पण फाइल दुकानातील कपाटात आणि दुकान पंचमीच्या सायंकाळपर्यंत बंद. पॉलिसीचा क्रमांक हाती आला तो दुसऱ्या दिवशी. ते रुग्णालय कंपनीच्या यादीतील नव्हते. यादीबाहेरील रुग्णालयांतही कॅशलेस सोय मिळावी यासाठी सामान्य विमा परिषदेने जानेवारी २०२४ मध्ये व्यवस्था सुरू केली आहे. तातडीने दाखल व्हावे लागल्यास अठ्ठेचाळीस तासांच्या आत कंपनीस कळवावे लागते, आणि रुग्णालयाची संमतीही लागते. आमच्या वेळी ती मिळाली नाही, म्हणून आम्ही पैसे भरून नंतर दावा केला.

यादीतील रुग्णालय असेल तर मार्ग सुकर आहे. विमा नियामक प्राधिकरणाच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसची विनंती आल्यावर कंपनीने एका तासात निर्णय द्यावा आणि घरी सोडतेवेळी अंतिम मंजुरी तीन तासांत द्यावी. तीन तासांवर विलंब झाल्याने रुग्णालयाचा खर्च वाढला, तर तो वाढीव खर्च कंपनीने सोसावा, असेही त्यात आहे. या नियमाची माहिती असलेला माणूस काउंटरवर शांतपणे बोलू शकतो. म्हणून जेथे जाणार तेथील यादीतील दोन रुग्णालयांची नावे आधीच लिहून घ्यावीत आणि प्रत्येकाचे विमा कार्ड सोबतच्या व्यक्तीच्या दूरध्वनीत असावे.

दाव्याचा अनुभवही सांगतो, कारण त्यातील हिशेब अनेकांना ठाऊक नसतो. आमचे एकूण बिल अडुसष्ट हजार चारशे रुपयांचे झाले. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला चार हजार होती. आम्ही सहा हजारांची खोली घेतली. त्यामुळे तीन दिवसांच्या अठरा हजारांपैकी बारा हजार मिळाले, इथवर कोणासही समजते. परंतु खोली मर्यादेच्या दीडपट महाग म्हणून डॉक्टरांच्या भेटी, शुश्रूषा वगैरेंच्या एकवीस हजारांपैकीही दोन-तृतीयांश, म्हणजे चौदा हजारच मंजूर झाले. औषधे आणि तपासण्यांचे चोवीस हजार सहाशे पूर्ण मिळाले. त्यांवर अशी कपात लावता येत नाही. हातमोजे, नोंदणी शुल्क यांसारख्या बाबींचे चार हजार आठशे मिळाले नाहीत. एकूण पन्नास हजार सहाशे आले आणि सतरा हजार आठशे आम्हास पडले. चार हजारांची खोली त्या दिवशी रिकामी होती. मर्यादा ठाऊक असती तर तेरा हजार वाचले असते.

आणखी काही बाबी ध्यानात ठेवाव्यात. प्रवासाच्या आठवड्यात घाईने नवी पॉलिसी घेऊन उपयोग नाही, कारण अपघात सोडल्यास पहिल्या तीस दिवसांतील आजार सहसा मान्य होत नाहीत. घरात नवे बाळ आले असेल तर त्याचे नाव पॉलिसीत आपोआप येत नाही. कंपनीस कळवून चढवून घ्यावे लागते. मुलाला चार-सहा तास ठेवून घरी पाठविले तर बहुतेक पॉलिसी पैसे देत नाहीत. चोवीस तास दाखल असण्याची अट असते. दाव्यासाठी डिस्चार्जचा कागद, तपशीलवार बिल, पैसे भरल्याच्या पावत्या, औषधांच्या चिठ्ठ्या व बिले आणि तपासण्यांचे अहवाल मूळ प्रतीत लागतात. रुग्णालय सोडण्यापूर्वीच ते मोजून घ्यावेत. परगावी एका कागदासाठी पुन्हा कोण जाणार? दावा अन्यायाने नाकारला गेला तर प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी आणि समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे जावे. त्यांची कार्यालये मुंबई व पुणे येथे आहेत आणि तेथे शुल्क पडत नाही.

परदेशी जाणाऱ्यांनी स्वतंत्र प्रवास विमा घ्यावा. आपली येथील पॉलिसी साधारणतः परदेशातील उपचारांस लागू नसते. युरोपातील शेंगेन देशांचा व्हिसा किमान तीस हजार युरोंच्या वैद्यकीय संरक्षणाविना मिळत नाही. जेथे अशी सक्ती नाही तेथे आपण तो विसरतो. त्या पॉलिसीवरील चोवीस तासांचा मदत क्रमांक मोठ्या मुलांनाही दाखवून ठेवावा आणि शक्य तोवर दाखल होण्यापूर्वीच त्यावर कळवावे. आपल्या कार्डावरील परदेशी व्यवहारांची सोय २०२० पासून आपण स्वतः सुरू केल्याविना चालू नसते, हेही निघण्यापूर्वी पाहावे.

पाचवी गोष्ट माणसांची. घरी मागे राहणाऱ्यांपैकी दोघांनी प्रवासाच्या दिवसांत दूरध्वनी मूक करू नये. मुले आजी-आजोबांबरोबर किंवा आत्याबरोबर जाणार असतील तर उपचारांस संमती देणारे आई-वडिलांचे सहीचे पत्र सोबत द्यावे. एका कागदावर मुलाचे वजन, त्याला न चालणारी औषधे, लसी आणि नेहमीच्या डॉक्टरांचा क्रमांक लिहावा. मुलांच्या औषधाची मात्रा बहुधा वजनावर ठरते आणि घाबरलेल्या आजीला नातवाचे वजन आठवत नाही.

आणि पैशांची जुळवाजुळव होत नाही म्हणून रुग्णालयात जाण्यास मात्र कधीही उशीर करू नये. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली स्पष्ट केले आहे की, सरकारी असो वा खासगी, जीव वाचविण्यासाठी तातडीचे साहाय्य देणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे. पुढील उपचारांचा खर्च कोणी करावयाचा, हा प्रश्न त्यानंतरचा. सरकारी रुग्णालयाचे दारही अशा वेळी कमी प्रतीचे मानू नये.

मुनीमजींचे पंचवीस हजार मी त्याच सकाळी परत पाठविले. कृतज्ञता म्हणून अधिक रक्कम देऊ केली ती त्यांनी घेतली नाही. द्यायचीच असेल तर धर्मशाळेच्या औषधनिधीस द्या, म्हणाले. ती तेथे जमा केली. आपल्या परंपरेत औषधदानाचे स्थान मोठे आहे आणि परगावी साधर्मिक धावून येतो, हा आपला ठेवा आहे. परंतु खात्यात साडेतीन लाख असलेल्या घराने एका पगारदार वृद्धाच्या बचतीवर रात्र काढावी, हे मला अजून लागून राहिले आहे. तो निधी ज्याच्यापाशी खरोखर काही नाही त्याच्यासाठी आहे.

कार्तिकी पौर्णिमेनंतर कन्या आणि मी शाखेत गेलो. अर्जातील ती चौकट या वेळी तिने स्वतः भरली. जावईबापू सोबत होते. कार्ड त्यांनीच पाकिटातून काढून तिच्या हाती दिले. येत्या वैशाखात ती मुलांना घेऊन शिखरजीस जाणार आहे. माझा दूरध्वनी हल्ली रात्रीही उशाशी, आवाज चालू ठेवून असतो.

आपणही या आठवड्यात घरी एकदा विचारून पाहा. उद्या परगावी मुलासाठी पन्नास हजार भरायचे झाले, तर तुला ते एकटीला भरता येतील का? उत्तर नाही असे आले, तर बँकेत जाण्यास अद्याप वेळ आहे.

जय जिनेंद्र.